दोघांसाठी राखलेलं टेबल

आमच्या घरात एक विनोद आहे. तो माझ्या बायकोवर आहे आणि तो मी सुरू केला. लग्नांत, बारशांत, व्याह्यांच्या अंगणात तो इतक्या वेळा सांगितला गेला, की आता तो सांगणाऱ्याला आपण तिथे हजर होतो असंच वाटतं. त्यात तथ्य नाही हे मला ठाऊक होतं. सांगून टाकावं म्हणून मी कितीदा तरी बसलो आणि पाणी पिऊन उठलो. आधी वाटायचं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं. मग ती गेली, आणि वाटलं, आता सांगायचं तरी कोणाला. माझी सत्तरी उलटली आहे. टाळायला नवं कारण सुचत नाही, म्हणून लिहितो.

विनोद असा आहे. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला म्हाताऱ्याने म्हातारीला अकोल्याहून अमरावतीला फ्रेंच हॉटेलात जेवायला नेलं. बाई बसमधून उतरल्या आणि तिथेच अडून बसल्या. "मले नाई जमत ते काट्या-चमच्याचं. मले आपल्या इहीनबाईच्या हातचे रोडगेच पाहिजेत." आणि म्हातारा बिचारा मुकाट्याने मागे फिरला.

यातलं अमरावती खरं, व्याहीणबाईंचे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खरे. बाकीचं मी रचलेलं.

ती हिवरखेडकडची. माहेरी पिढ्यान् पिढ्या भाजीचे मळे. वांगी, टमाटे, मिरची, कडेला झेंडू. लग्न होऊन अकोल्याला आली तेव्हा आमच्या भाड्याच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढीच जागा होती, तिथेही तिने वांगी लावली. मी बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. माइकवरून अकोट, तेल्हारा, परतवाडा पुकारण्यात माझा जन्म गेला. कुठली गाडी कुठे लागली आहे हे लोकांना सांगायचं आणि घरीही तेच करायचं, अशी सवय लागली होती. कुठे जायचं, कधी निघायचं, कोणाकडे उतरायचं, सगळं मी ठरवायचो. ती पिशवी भरायची.

त्या वर्षी मात्र उलटं झालं. आमची मुलगी अमरावतीला दिलेली. सुट्टीत नात आली होती. तिने आजीला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. वांगी, टमाटे आणि दोडक्यासारखी एक भाजी, सगळ्यांच्या पातळ पातळ चकत्या करून पसरट भांड्यात गोल गोल मांडल्या होत्या, झेंडूच्या पाकळ्या मांडाव्यात तशा. फ्रान्समधल्या खेड्यातलं साधं जेवण आहे म्हणे.

बायकोने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"वांग्यात तेल नाई, शेंगदाण्याचा कूट नाई," ती म्हणाली. "मंग चव कायची येत असंल?"

"वांग्याचीच," नात म्हणाली.

"वांग्याची चव आमाले कोनी सांगतलीच नाई व कदी. आमी तं मसाल्याचीच चव पायली."

तिथून तिच्या डोक्यात ते बसलं. लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी मी तिला साडी घ्यायचो, म्हणजे पैसे द्यायचो आणि ती शेजारणीबरोबर जाऊन घेऊन यायची. त्या वर्षी ती म्हणाली, "साडी नोको. मले तिथं जेवाले न्या, जिथं हे असं करतात."

मी म्हणालो, शोध. तिला सापडणार नाही याची मला खात्री होती.

तिने महिनाभर शोधलं. दुपारी जेवणं झाली की चष्मा लावून मोबाइल घेऊन बसायची. नागपूरला एका मोठ्या हॉटेलात मिळत होतं. तिथला एका ताटाचा भाव वाचून तिने मोबाइल पालथा ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तेवढ्यात तं आपल्या गल्लीचं गावजेवन होते." दुसरं अकोल्यातच सापडलं, नवीन निघालेलं, भिंतीवर पॅरिसचा तो मनोरा रंगवलेला. आम्ही संध्याकाळी बघायला गेलो. गल्ल्यावर मालक बसला होता, चांगला मिशावाला. तिने त्याला सरळ विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे फ्रेंच काय आहे?"

मालकाने मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "हे आहे नं. बाकी पावभाजी चांगली आहे, काकू."

आम्ही पावभाजी खाल्ली. चांगली होती. ती घरी येईपर्यंत हसत होती.

तिसरं अमरावतीला सापडलं. एका वसाहतीत, बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत, तरुण नवरा-बायको चालवायचे. पाट्या-दिवे काही नव्हते म्हणे. टेबलं मोजकीच. बाजारात सकाळी जी भाजी मिळेल तिचं दुपारी जेवण. सूप, मुख्य पदार्थ आणि गोड, तिन्ही मिळून एक ठरलेला भाव. रात्री महाग, दुपारी परवडेल असं. बायकोने तेही माझ्या आधी हेरलं होतं. "दुपारीच जाऊ. तेच जेवन, उजेडात दिसते तरी नीट."

फोनही तिनेच केला. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत होतो. आधी ती जपून, शाळेतल्यासारखं शुद्ध बोलत होती. "आम्ही शाकाहारी आहोत. तुमच्या सुपात कोंबडीचं पाणी तर नसतं ना?" पलीकडची मुलगी काय म्हणाली कोण जाणे, पण हिचा आवाज सैल झाला. मग वांगी कुठून आणता, काटेरी की बिनकाट्याची, बी काढता की ठेवता, असं बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, "हाव, दोगंच. तुमी मने खिडकीजवळचं देता, तं तेच ठेवा." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "लय गोड पोरगी हाय वो. मने, काकू, तुम्ही शिकवाल मले वांग्याचं. आता मी काय शिकवनार तिले!"

तिचा चेहरा असा मी फार दिवसांनी पाहिला होता. आता खरं सांगायचं तर, तो पाहून मला आनंद झाला नाही. भीती वाटली.

लोक म्हणतील, एवढा माइकवर बोलणारा माणूस, त्याला कसली भीती. पण माइकसमोर माणसं दिसत नाहीत. मी एकदाच, आमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात, नागपूरला काट्या-चमच्याने जेवायला बसलो होतो. समोरच्या बाईंनी माझ्या हाताकडे पाहून मान वळवली, ते मी विसरलो नव्हतो. त्यात नुकत्याच दातांच्या कवळ्या बसवल्या होत्या. तिथला पदार्थांच्या नावांचा कागद वाचता येणार नाही, वाढणारा काहीतरी विचारील आणि उत्तर बायकोकडे पाहून द्यावं लागेल. ती तिथे रमेल. स्वयंपाकघरात डोकावील, त्या मुलीशी वांग्यावर बोलेल, आणि मी खिडकीजवळ बसून चमचा कुठला धरायचा याचा विचार करीत राहीन. चाळीस वर्षं तिला गाडी दाखवणारा मी, आणि त्या दिवशी गाडी तिची असणार होती. मला तेच नको होतं.

नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी दुसरं केलं.

आदल्या संध्याकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरून अमरावतीला आमच्या व्याह्यांना फोन लावला. आमच्याकडे सोयऱ्याच्या गावी जाऊन त्याला न कळवणं हा अपमान. पण कळवून बाहेर जेवणं हा त्याहून मोठा. हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक असतं. मला तर होतंच.

"इवाई, उद्या जरा अमरावतीले येऊन राह्यलो आमी दोगं," मी म्हणालो. "पन घरी काई करू नका हां. आमचं जेवन बाहीर हाय."

 मग व्याही म्हणाले, "बाहीर? बाहीर मंजे?"

"फ्रेंच हाटेलात. लग्नाचा वाढदिवस हाय, मनून."

"काहून? आमी मेलो काय?"

"तसं नाई वो इवाई..."

"मंग कसं? लोकं काय मनतील? इवाई-इहीन गावात येऊन हाटेलात जेवले! गोवऱ्या हायेत घरी, वांगे हायेत. रोडगे लावतो उद्या. तुमी फक्त उतरा."

मी दोनदा नाही म्हणालो. रीतीप्रमाणे दोनदाच. मग दूध घेऊन घरी आलो.

सकाळी तिने मेंदी रंगाची रेशमी साडी नेसली. निघताना घरामागे गेली आणि ओंजळभर कोवळी वांगी तोडून, फडक्यात बांधून पर्समध्ये ठेवली. "त्या पोरीले. पाहू दे आपलं वांगं." मूर्तिजापूरपर्यंत ती बोलत होती. सुपात काय असेल, पाव कसा असेल, गोडाला काय देतील. बडनेरा आलं तेव्हा तिने पर्स उघडून फडकं चाचपून पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. तेव्हाही सांगता आलं असतं.

अमरावतीच्या बसस्थानकावर व्याही उभे होते, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, रिक्षा थांबवून ठेवलेली.

"अवो, इवाई इकडे कसे?" ती मला म्हणाली.

उत्तर त्यांनीच दिलं. "इवायानं काल फोन केला मनून समजलं. नाईतं तुमी तं परस्पर जेवून जात होत्या, इहीनबाई!"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांना म्हणाली, "बरं झालं, तुमची भेट झाली."

रिक्षात ती माझ्या कानाशी म्हणाली, "चहा घेऊन निघू. जेवन नाई म्हना तुमी."

"पाहू," मी म्हणालो.

व्याह्यांच्या मागच्या अंगणात सकाळपासून गोवऱ्यांचा विस्तव होता. कणकेचे गोळे राखेत भाजत होते, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वांग्याची भाजी रटरटत होती. मुलगी, जावई, नात, शेजारचे दोघे-तिघे. गळ्यात हार घातले, केक कापायला लावला. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो. व्याहीणबाईंचे हात राखेने भरलेले होते आणि डोळे धुराने लाल. अशा घरातून उपाशी कोण उठेल? मी हिशेब बरोबर केला होता.

पानं मांडली तेव्हा व्याहीणबाईंनी विचारलंच. "काहून वो इहीनबाई, फ्रेंच हाटेलात जानार होत्या मने तुमी?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते मला कधीच कळणार नाही, कारण मध्येच मी बोललो.

"कायचं वो! पोराईचं खूळ ते. हिले कुठी जमते? काल रातीच मने, मले नाई येनं त्या हाटेलात, मले भेव लागते, काट्या-चमच्यानं जेवता नाई येत मले. मले इहीनबाईचे रोडगे पाहिजेत!"

हशा पिकला. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "हे खरी वऱ्हाडची बाई!"

मी माझी भीती जशीच्या तशी उचलून तिच्या तोंडात घातली होती. एकही शब्द वाया घालवला नव्हता.

ती हसली. सगळ्यांसारखीच हसली आणि म्हणाली, "हाव नं. रोडग्याची सर कुठी येते त्याले."

मग उठून पर्समधलं फडकं काढलं आणि वांगी व्याहीणबाईंच्या हाती दिली. "घरची हायेत. भाजीत टाका." त्या म्हणाल्या, "अवो, एवढी कोवळी! राहू द्या, संध्याकाळी भरीत करतो." तिने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पानावर बसली. वरण, भाजी, कुस्करलेल्या रोडग्यावर तुपाची धार, आग्रह. ती सगळं जेवली. नको कशालाच म्हणाली नाही.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागे गेलो तर ती पाण्याच्या टाकीमागे उभी होती. पाठ माझ्याकडे. मोबाइल कानाला.

"नाई व बाई, आता नाई येनं होत... नाई, कोनी आडवलं नाई. माह्याच मनात नाई आलं. तुमी टेबल आडवून ठेवलं, दुसऱ्याले देता आलं असतं. चुकलं माह्यं." थोडा वेळ ऐकलं. "केलं होतं? सगळं मांडून ठेवलं होतं?" तिने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "तुमीच दोगं खाऊन घ्या मंग. गरम हाय तवर खा."

मी हात न धुता परत फिरलो.

परतीच्या गाडीत ती फक्त एवढंच म्हणाली, "रोडगे छान भाजले होते इहीनबाईनं." मग डोळे मिटले. झोपली नव्हती, झोपली की तिचा हात पर्सवरून घसरतो, तो घसरला नव्हता.

माझं वाक्य तिथेच संपलं असतं तर मी ते विसरलोही असतो. पण व्याह्यांना गोष्ट सांगायची कला आहे. त्यांनी ती पुढच्याच लग्नात सांगितली. त्यात तिचं बसस्थानकावर अडून बसणं आलं, माझं मुकाट्याने मागे फिरणं आलं. बायको पंगतीत वाढत असली तर लोक तिला हाक मारून म्हणायचे, "काय वो फ्रेंचवाल्या काकू!" ती म्हणायची, "जेव मुकाट्यानं, नाईतं काटा-चमचा देईन." लोकांना तिचं ते उत्तर फार आवडायचं. मी सगळ्यांच्या आधी हसायचो.

याचा एक परिणाम मी धरला नव्हता. नात पुण्याला शिकायला गेली. तिथे अशी कितीतरी हॉटेलं. एकदा आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तर ती म्हणाली, आजी, चल, तुला खरंखुरं फ्रेंच खाऊ घालते. आमची मुलगी फोनवर होती, ती तिकडून ओरडली, "अवं, आईले नको नेऊ तिथं! तिले भेव लागते. थालीपीठ खाऊ घाल कुठंतरी." नात ओशाळली. बायको म्हणाली, "हाव, थालीपीठच खाऊ." माझ्या एका वाक्याने घरातल्या प्रत्येकाला तिची आवड कळून चुकली होती, आणि त्यानंतर तिला कोणी विचारलंच नाही. तिनेही पुन्हा साडीऐवजी दुसरं काही मागितलं नाही. अमरावतीचं ते हॉटेल टाळेबंदीत बंद पडलं. बातमी तिनेच मला सांगितली, भाजी निवडता निवडता. "ते पोरगं-पोरगी गावी गेले मने. चांगलं चाललं होतं त्याईचं." म्हणजे ती इतके दिवस बघत होती, मोबाइलवर, त्या खिडकीजवळच्या टेबलाकडे.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. फार त्रास न होता गेली, एवढंच बरं.

वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. मुलगी सकाळपासून स्वयंपाकघरात होती. पान घेऊन बाहेर आली तेव्हा त्यात मधोमध रोडगे होते, बाजूला वांग्याची भाजी. "आईचं आवडतं," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "फ्रेंच हाटेल सोडून आली होती माय माझी यासाठी." व्याही वाकले होते आता, त्यांनीही डोळे पुसले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले, कारण या ठिकाणी मी हसायचो.

मी पानाला नमस्कार केला. तेव्हा कळलं, की ती गेल्यावरही ती भित्री बाईच उरणार, नातवंडांच्या मुलांनाही तशीच सांगितली जाणार. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. भिणारा मी होतो. तिने हॉटेल शोधलं, भाव पाहिला, फोन केला, टेबल राखलं, वांगी तोडली. तिला कशाचंच भय नव्हतं.

आणखी एक राहिलं. ते सगळ्यांत अवघड.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही दोघं दारात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. मधे एक परात.  एकदम ती म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"त्या साली तुमी इवायाले फोन केला, तवा ते जाऊ देनार नाईत हे तुमाले ठाऊक होतं नं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. सोललेले दाणे परातीत टाकत, शेंगेकडे पाहत तिने विचारलं, एखाद्या शेजाऱ्याच्या लग्नाची गोष्ट विचारावी तसं. इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच ती सगळ्यांबरोबर हसत होती.

"सोयऱ्याले सांगा लागते," मी म्हणालो. "रीत हाय ते."

"हाव," ती म्हणाली. "रीत तं हाय."

मग ती थांबली. हातातली शेंग तशीच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला कळलं की ती वाट पाहते आहे. जागा तिने करून दिली होती. मला फक्त बोलायचं होतं. मी परातीत पाहिलं आणि म्हणालो, "यंदा कीड लय हाय तुरीले."

तिने मान हलवली आणि पुढची शेंग घेतली.

जे म्हणायचं होतं ते मोठं नव्हतं. मले भेव लागलं होतं, आणि म्या नाव तुह्यं सांगतलं. माफ कर मले.